अंथरूण पाहून पसरलेले पाय : लंडन ऑलिंपिक, १९४८

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा अनेकांनी आम्हांला विचारले की, दिल्लीतल्या एका मराठी मंडळाचा सुवर्णमहोत्सव आणि १९४८ साली लंडनला भरलेले ऑलिंपिक यांचा परस्परांशी संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो सांगताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. कार्यकारिणीपुढे महोत्सवाचे अंदाजपत्रक आले, तेव्हा महोत्सव एक वर्ष पुढे ढकलावा असे टिपण आम्हीच लिहिले होते. सभागृहाचे छप्पर गळते आहे, वर्गणीदारांची संख्या रोडावली आहे, टेंटवाल्याचे दर दुप्पट झाले आहेत, अशी सारी कारणे त्यात क्रमवार दिलेली होती. केंद्र सरकारच्या नोकरीत उभी हयात गेलेल्या माणसाला 'तूर्त पुढे ढकलावे' हे तीन शब्द इतके सहज सुचतात, की ते लिहिताना लेखणी थांबतसुद्धा नाही.

त्या बैठकीत आपले एक ज्येष्ठ सभासद उपस्थित होते. मंडळाचा पहिला गणेशोत्सव ज्यांनी सरकारी क्वार्टर्समधून दारोदार सतरंज्या मागून आणून साजरा केला, त्यांपैकी ते एक. त्यांनी आमचे टिपण शांतपणे वाचले आणि एवढेच विचारले, "परिस्थिती ज्या तारखेला सुधारणार आहे, ती तारीख तेवढी यात दिसत नाही. ती कोणती?" आम्ही निरुत्तर झालो. घरी आल्यावर, हरलेला मनुष्य जे करतो तेच आम्ही केले. आपल्या बाजूने पुरावा सापडतो का ते पाहू लागलो. अडचणीच्या काळात मोठा सोहळा भरवल्याने यजमानांची कशी फजिती झाली, याचे एखादे ठसठशीत उदाहरण आम्हांला हवे होते. पहिले उदाहरण मनाजोगते मिळाले. दुसऱ्याने मात्र आमचा पक्षच पाडला.

पहिले उदाहरण अँटवर्पचे. पहिले महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात संपले आणि १९२० चे ऑलिंपिक बेल्जियममधल्या अँटवर्प शहराला देण्यात आले. युद्धाची मोठी झळ त्या देशाने सोसली होती, म्हणून हा मान त्याला मिळाला. तयारीला मिळाले जेमतेम दीड वर्ष. खेळाडूंना शाळांच्या वर्गांत खाटा टाकून ठेवण्यात आले. अमेरिकेचा संघ सैन्याची ने-आण करणाऱ्या एका जुनाट जहाजातून आला. त्या प्रवासात उंदीर, दुर्गंधी आणि निकृष्ट जेवण यांना कंटाळून खेळाडूंनी चक्क बंडाचा झेंडा उभारला. स्टेडियममध्ये प्रेक्षक तुरळकच येत. लोकांच्या खिशात तिकिटापुरते पैसे नव्हते, म्हणून शाळकरी मुलांना फुकट सोडून बाके भरावी लागली. शेवटी संयोजकांच्या पदरी तोटा आला. आम्ही मनात म्हटले, हेच तर आम्ही टिपणात लिहिले होते!

परंतु त्याच अँटवर्पला पाच कड्यांचा ऑलिंपिक ध्वज स्पर्धास्थळी प्रथम फडकला आणि खेळाडूच्या तोंडून ऑलिंपिकची शपथ प्रथम उच्चारली गेली, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. शिवाय आपल्या दृष्टीने अधिक जवळची बाब अशी, की हिंदुस्थानचा संघ म्हणून ऑलिंपिकला गेलेले पहिले खेळाडू याच अँटवर्पला गेले आणि त्या संघाचे मूळ पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात होते. जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली मुले पाहून सर दोराबजी टाटा यांना वाटले की यांनी जगाच्या मैदानावर का उतरू नये? मग सहा जणांचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कुस्तीसाठी नवले आणि रणधीर शिंदे होते. चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. शिंदे तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती हरले. ती जिंकली असती तर आपल्या कुस्तीच्या पदकांचा इतिहास बत्तीस वर्षे आधी सुरू झाला असता. ही नावे आपल्या मुलांना माहीत नसतात, आणि खरे सांगायचे तर हा शोध घेईपर्यंत आम्हांलाही सगळी माहीत नव्हती.

याच अँटवर्पला १,५०० मीटर धावण्यात इंग्लंडच्या फिलिप नोएल-बेकर यांनी रौप्यपदक मिळवले. हे नाव ध्यानात ठेवावे, कारण अठ्ठावीस वर्षांनी लंडनच्या ऑलिंपिकची जबाबदारी ब्रिटिश मंत्रिमंडळात ज्यांच्याकडे आली, ते हेच गृहस्थ. फाटक्या परिस्थितीत भरलेली स्पर्धा खेळाडूला कशी वाटते, हे त्यांना कोणी टिपण लिहून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

आता लंडनकडे वळू. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके झालीच नाहीत. १९४६ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सभासदांची मते टपालाने मागवली आणि १९४८ चा मान लंडनला दिला. मान मिळाला खरा, पण तेव्हाचे लंडन कसे होते? जिंकलेल्या राष्ट्राची राजधानी म्हणून ज्या वैभवाची आपण कल्पना करतो, त्याचा तेथे मागमूस नव्हता. बाँबहल्ल्यांनी पडलेली घरे तशीच पडून होती आणि घरांची टंचाई एवढी की १९४६ च्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबे रिकाम्या लष्करी छावण्यांत शिरून तेथेच बिऱ्हाड करून राहिली. १९४७ चा हिवाळा भयंकर कडक गेला, कोळसा संपला, कारखाने बंद पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पौंडाचे डॉलरमध्ये रूपांतर करण्याची मुभा सरकारला महिन्याभरातच मागे घ्यावी लागली, इतकी गंगाजळी आटली होती. युद्धाच्या सहा वर्षांत पावावर कधी रेशन नव्हते. ते शांततेच्या काळात, १९४६ च्या जुलैत बसले आणि ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या जेमतेम चार-पाच दिवस आधी उठले. मांस, लोणी, साखर, कपडे आणि पेट्रोल यांवर नियंत्रण चालूच होते. मांसाचे रेशन तर १९५४ पर्यंत उठले नाही.

अशा शहराने पाहुणे बोलावू नयेत, असे म्हणणारे लोक लंडनमध्येही होते, आणि ते मूर्ख नव्हते. काही वर्तमानपत्रांनी या उद्योगावर सडकून टीका केली. सामान्य गृहिणी दुकानापुढे रांगेत उभी असताना परदेशी पैलवानांना मेजवान्या कशासाठी, हा प्रश्न आम्ही असतो तर आम्हीही विचारला असता. सरकारने होकार दिला त्यामागे केवळ खिलाडूवृत्ती नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पाहुण्यांबरोबर परकीय चलन येईल, असा हिशेब त्यात होता. हिशेबी माणसाला उदात्त निर्णय घ्यायला लावायचे असेल, तर त्याला त्यात एखादा हिशेबही दाखवावा लागतो.

होकार दिल्यावर त्यांनी जे केले ते मात्र आमच्यासारख्या फाइलीतल्या माणसाला फार मोलाचे वाटले. त्यांनी प्रथम काय बांधायचे नाही ते ठरवले. नवे स्टेडियम नाही, नवा जलतरण तलाव नाही, खेळाडूंसाठी नवी वसाहत नाही. बांधकामाचे साहित्य परवान्यावर मिळत होते आणि ते बेघरांच्या घरांना लागत होते. तेव्हा जे उभे आहे त्यातच भागवायचे.

वेंब्लीचे स्टेडियम १९२३ सालचे. त्याचे मालक सर आर्थर एल्विन यांची कहाणी मोठी मौजेची आहे. १९२४ साली त्या परिसरात ब्रिटिश साम्राज्याचे भव्य प्रदर्शन भरले, तेव्हा हे गृहस्थ तेथे तंबाखू-सिगारेटची दुकाने चालवीत होते. प्रदर्शन संपल्यावर त्यांनी तेथील मंडप मोडीत विकत घेऊन पाडण्याचा धंदा केला, आणि पाडता पाडता खुद्द स्टेडियमच विकत घेऊन ते तगवले. तेथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती चालत आणि त्यांवरच त्याचा संसार चाले. ऑलिंपिकला काही आठवडे उरेपर्यंत तेथे कुत्रीच धावत होती. ती थांबल्यावर घाईघाईने जमीन सपाट करून तिच्यावर जळक्या कोळशाच्या खरीची, म्हणजे सिंडरची, धावपट्टी अंथरली गेली. पोहण्याच्या स्पर्धा शेजारच्या १९३४ सालच्या 'एंपायर पूल'मध्ये झाल्या. आकाशवाणीच्या जगभरच्या प्रतिनिधींचे केंद्र त्याच जुन्या प्रदर्शनातल्या कलादालनात थाटले गेले. नौकावहन हेन्लीच्या नदीवर, नेमबाजी बिस्लीच्या जुन्या मैदानावर, सायकली हर्न हिलच्या जुन्या ट्रॅकवर आणि फुटबॉल निरनिराळ्या क्लबांच्या मैदानांवर, असा सारा मामला.

नवे बांधकाम म्हणून जे सांगतात, ते रेल्वे स्टेशनपासून स्टेडियमपर्यंतच्या रस्त्याचे. या रस्त्याच्या कामावर अजून मायदेशी न परतलेले जर्मन युद्धकैदी राबत होते. या ऑलिंपिकला जर्मनी आणि जपान यांना निमंत्रण नव्हते. म्हणजे ज्या देशाचे खेळाडू त्या रस्त्याने जाऊ शकत नव्हते, त्याच देशाच्या तरुणांनी तो रस्ता बांधला. विजेत्यांच्या सोहळ्यांत असे काहीतरी नेहमीच चुपचाप उभे असते. रशियाला निमंत्रण होते, पण त्याने खेळाडू पाठवले नाहीत.

खेळाडूंची राहण्याची सोय हा खरा पेच होता. आले एकूण ५९ देश आणि सुमारे ४,१०० खेळाडू. पुरुषांना अक्सब्रिज आणि वेस्ट ड्रेटनच्या हवाई दलाच्या तळांवर आणि रिचमंड पार्कच्या लष्करी छावणीत ठेवले. स्त्रियांना महाविद्यालयांच्या वसतिगृहांत जागा दिली, कारण सुट्टीमुळे ती रिकामी होती. यजमान देशाचे अनेक खेळाडू तर आपापल्या घरीच राहिले आणि ट्यूब रेल्वेने किंवा बसने मैदानावर आले. आणि पाहुण्यांना आगाऊ कळवले होते, की अंग पुसायचा टॉवेल ज्याने त्याने आपला आणावा. हे वाचले तेव्हा आम्हांला हसू आले. मग आठवले, आमच्या लहानपणी लग्नाला गावी जाताना आई वळकटीत तांब्या आणि पंचा बांधून घ्यायची. त्यात यजमानाचा अपमान आहे असे कोणालाच वाटत नसे.

जेवणाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि या साऱ्या प्रकरणात आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो त्यानेच. सामान्य नागरिकाला दिवसाला सुमारे २,६०० उष्मांकांचे अन्न मिळत होते. खेळाडूंना ५,४६७ उष्मांक मंजूर झाले. दुपटीहून अधिक! हा भेदभाव नव्हे काय? सरकारने यातून वाट काढली ती अशी की, खेळाडूंसाठी नवा वर्ग निर्माण केला नाही. गोदीतले हमाल आणि खाणीतले कामगार यांना जड कामासाठी जे वाढीव रेशन मिळत होते, त्याच पंक्तीला खेळाडूंना बसवले. नियम तोच, लाभार्थी तेवढे नवे. फाइलीत अशी वाट शोधणाऱ्या त्या अनाम अधिकाऱ्याला आम्ही मनोमन नमस्कार केला. आमच्या व्यवसायातले कौशल्य हे असते, पण त्याला पदके मिळत नाहीत.

तेवढ्यावरही भागले नाहीच. मग पाहुणे आपापली शिदोरी घेऊन आले. डेन्मार्कने अंडी पाठवली, हॉलंडने भाजीपाला आणि फळे पाठवली. अमेरिकेच्या संघाने आपले अन्न आपल्याबरोबर आणले. आणि जे शिल्लक उरले ते लंडनच्या इस्पितळांना दिले गेले. पाहुण्यांनी आणलेला शिधा यजमानाच्या घरातल्या आजाऱ्यांच्या मुखी लागला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला ब्रिटनमध्ये सर्वांसाठी मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली होती, हेही सांगितले पाहिजे. ज्या सरकारजवळ अंडी नव्हती, त्या सरकारने त्या जुलैत ही दोन्ही कामे अंगावर घेतली.

ऑलिंपिकची ज्योत आली तीही अशाच विस्कटलेल्या जगातून. ग्रीसमध्ये यादवी युद्ध पेटलेले होते. ज्योत घेऊन निघालेल्या पहिल्या धावपटूने, तो सैनिक होता, आपली शस्त्रे खाली ठेवली, अंगावरचा लष्करी गणवेश उतरवला आणि मगच ज्योत हाती घेतली. २९ जुलै १९४८ रोजी वेंब्लीवर राजे सहावे जॉर्ज यांनी उद्घाटन केले. त्या दिवशी कडक ऊन होते. नंतर इंग्लंडच्या आकाशाने आपला स्वभाव दाखवला आणि पाऊस सुरू झाला. अमेरिकेचा सतरा वर्षांचा बॉब मथायस दहा क्रीडाप्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये पावसात आणि रात्रीच्या अंधारात भाले फेकून, धावून सुवर्णपदक घेऊन गेला.

खेळाडूंविषयी किती सांगावे! हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन वय वर्षे तीस, दोन मुलांची आई. या वयात घर सोडून मैदानावर काय येता, असे ऐकून त्या आल्या आणि चार सुवर्णपदके घेऊन परतल्या. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक दहा हजार मीटरला पहिला आला. हंगेरीचे कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँब फुटून निकामी झाला होता. त्यांनी डाव्या हाताने पिस्तूल चालवणे शिकून घेतले आणि दहा वर्षांनी लंडनला नेमबाजीचे सुवर्ण मिळवले. आणि ज्या दिवशी वेंब्लीवर उद्घाटन झाले, त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या इस्पितळात डॉक्टर लुडविग गुटमान यांनी, जर्मनीतून परागंदा होऊन आलेल्या या ज्यू डॉक्टरांनी, कण्याला इजा झालेल्या सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांची चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पुढे जगभर पसरलेल्या पॅरालिंपिकचे हे बीज. त्या दिवशी वेंब्लीवर ८० हजारांवर प्रेक्षक होते. इस्पितळाच्या हिरवळीवर किती असतील?

आता खर्चाविषयी. आमच्यासारख्याला तेथे पोहोचल्याखेरीज चैन पडत नाही. सारे मिळून सुमारे ७ लाख ३० हजार पौंड खर्च झाला. तेव्हाच्या दराने पौंडाला तेरा रुपये आणि काही आणे धरले, तर हा आकडा एक कोटी रुपयांच्या आतच राहतो. आणि हिशेब मिटवल्यावर संयोजकांच्या हाती सुमारे २९ हजार पौंड शिल्लक उरले! बीबीसीने दूरदर्शनवर प्रक्षेपण केले, त्याबद्दल १,००० गिनी मोजण्याचे ठरले होते. पुढच्या काळातल्या कित्येक यजमान शहरांनी डोक्यावर कर्जाचे डोंगर घेतले आणि रिकामी स्टेडियमे मागे ठेवली, हे आपण जाणतोच. आमच्या टिपणाला हवा असलेला पुरावा येथे संपला.

आपला देश त्या वेळी कोठे होता? स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, गांधीजींना जाऊन सहा महिने लोटले होते. संचलनात तिरंगा हाती घेऊन पुढे चालले ते नागा प्रदेशातले फुटबॉल कर्णधार डॉक्टर तालिमेरेन आओ. त्यांच्या संघातले बहुतेक जण अनवाणी खेळले. परिस्थितीपेक्षा तो सवयीचा भाग होता. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना २-१ असा हातचा गेला, तरी इंग्लंडचे प्रेक्षक त्या अनवाणी पायांवर खूश झाले.

हॉकीत मात्र आपण मागे हटलो नाही. फाळणीने हॉकीचा जुना संघ चिरला गेला होता. १९३६ साली बर्लिनला हिंदुस्थानतर्फे खेळलेले दारा आता पाकिस्तानचे कर्णधार होते. मुंबईच्या हॉकीने या वेळी बराच भार उचलला. गोलरक्षक लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही नावे घेतली की आमच्यातल्या गोमंतकीय मंडळींच्या मुद्रा उजळतात आणि ते योग्यच आहे. १२ ऑगस्टला अंतिम सामना होता, आणि समोर होता प्रत्यक्ष ब्रिटन. ऑलिंपिक हॉकीत हे दोन देश त्याआधी कधी समोरासमोर आलेच नव्हते. पावसाने जड झालेल्या मैदानावर किशनलाल यांच्या संघाने ४-० असा विजय मिळवला. त्यांतले दोन गोल बलबीर सिंग यांचे. ज्यांचे राज्य बारा महिन्यांपूर्वी आपल्यावर होते, त्यांच्याच राजधानीत तिरंगा सर्वांत उंच चढला.

आणि आता आपल्या मातीतला पैलवान. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तेव्हा बावीस वर्षांचे होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून ते लंडनला पोहोचले. लाल मातीत वाढलेल्या या गड्याला तेथे गादीवर लढायचे होते. मातीत पाय रोवून लढणे वेगळे आणि गादीवर, जेथे पाऊल दबते आणि सरकते, तेथे लढणे वेगळे. शिवाय नियम वेगळे, गुण देण्याची रीत वेगळी. तरीही फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. शेवटी पदक नाही ते नाहीच. परंतु काय कमी पडले हे त्यांना लंडनला नेमके कळले आणि ते घेऊन ते परत आले.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली, तेव्हा पुन्हा पैशाचा प्रश्न. गावोगाव हात पसरावे लागले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा प्राचार्य! १९५२ च्या २३ जुलैला खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक सर्वांनाच ठाऊक असते. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्हांला पदकाइतकाच हा व्यवहार मोठा वाटतो. १४ ऑगस्ट हा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा समारोपाचा दिवस. १९८४ साली त्याच तारखेला रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

आता शेवटचा भाग, आणि तो आपल्या या शहराचा. लंडनला स्पर्धा चालू असतानाच आशियातल्या देशांचे प्रतिनिधी आपले गुरुदत्त सोंधी यांच्या पुढाकाराने एकत्र बसले आणि आशियाई देशांच्या स्वतंत्र स्पर्धांची कल्पना तेथे पक्की झाली. पहिल्या स्पर्धा दिल्लीत व्हायच्या ठरल्या. १९५० मध्ये त्या होऊ शकल्या नाहीत, पुढे ढकलाव्या लागल्या. (येथे आमचा जीव किंचित सुखावला.) पण पुढे ढकलल्या त्या तारीख ठरवून, आणि १९५१ च्या ४ मार्चला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झाले. अकरा देश आले. लंडनला ज्याला दार बंद होते, तो जपान दिल्लीला आला, आणि सर्वांत अधिक सुवर्णपदके त्यानेच नेली. आपल्या मुंबईचा लेव्ही पिंटो १०० आणि २०० मीटरला पहिला आला.

येथेही नवे स्टेडियम बांधले गेले नाही. १९३३ सालचे इर्विन अँफिथिएटर होते, त्यालाच नॅशनल स्टेडियम म्हटले. आज त्याला मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर पुराना किल्ला आहे, आणि १९४७ मध्ये त्या किल्ल्याच्या तटाआड हजारो निर्वासित तंबूत राहिले होते. १९५१ मध्ये देशात धान्याची टंचाई होती, रेशनच्या रांगा होत्या, परदेशांतून गहू मागवावा लागत होता. तेव्हाही कोणीतरी टिपण लिहिले असेलच. आमच्याच कुळातला कोणीतरी.

आमचे टिपण मंडळाच्या फाइलीत अद्याप आहे. ते काढून टाकू नये अशी आम्ही सचिवांना विनंती केली आहे. त्याखाली कार्यकारिणीने पुढील निर्णय लिहिला आहे. छप्पर प्रथम दुरुस्त होईल. शामियाना येणार नाही, कार्यक्रम आपल्या याच सभागृहात होतील. नाट्यसंच बाहेरून येणार नाही, आपलीच मंडळी नाटक बसवतील. बाहेरगावच्या पाहुण्यांची उतरण्याची सोय सभासदांच्या घरी होईल, आणि फराळ घरोघरून येईल. टॉवेल आणण्याविषयी निर्णयात काही नाही, ही आमच्या मते त्रुटी आहे.

 बाहेर चहाबरोबर चकल्या आणि बेसनाचे लाडू आहेत. डब्यांवर ज्या त्या घराचे नाव चिकटवलेले आहे. जाताना झाकणांची अदलाबदल होऊ देऊ नये, एवढी महिला समितीची सूचना आपल्या कानावर घालून आम्ही आपली रजा घेतो.